तिसऱ्या मजल्यावरचं वासाचं फूल

उंदीर मेलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या इमारतीतल्या सोळा बिऱ्हाडांनी तो शोधण्यात तीन दिवस घालवले होते. गच्चीवरची टाकी उपसून झाली. जिन्याखालची अडगळ बाहेर काढून, झटकून, पुन्हा आत कोंबून झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या गायनबाईंनी तर शिकवण्या बंद ठेवून कपाटंच्या कपाटं भिंतीपासून ओढली. वास काही हलेना. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या लक्षात आलं, की झाडून साऱ्या माश्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे वळताहेत. त्यांनी वर जाऊन बेल दाबली. तिथं राहणाऱ्या काकूंनी दार उघडलं आणि ते काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "या, या. बघायला आलात ना? बरं केलंत. आजचा दिवसच आहे, उद्या मिटेल."

"काय मिटेल?"

"फूल!"

गॅलरीत एक पसरट मातीची कुंडी होती. पान औषधालाही नाही. नुसत्या बोटाएवढ्या जाड, चौकोनी, मऊ लव असलेल्या हिरव्या कांड्या, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. आणि त्यांच्या पायाशी, कुंडीच्या काठावरून बाहेर लोंबत, जेवणाच्या ताटाएवढं पाच पाकळ्यांचं फूल. फिकट पिवळं, त्यावर तांबूस बारीक रेघा, आणि अंगभर केस. सेक्रेटरी कौतुकानं वाकले आणि वाकले तसेच उलटे मागे आले. सडक्या मांसाचा भपकारा होता तो. नाकाला रुमाल लावून ते म्हणाले, "काकू, हे तुम्ही... मुद्दाम लावलंय?"

"मुद्दाम म्हणजे? चार वर्षं वाट बघितलीय मी याची. जिवापाड लावलंय."

झालं. इथून भांडणाला तोंड फुटलं, आणि काकू काही भांडणातून माघार घेणाऱ्या नव्हेत.

त्या काय चीज होत्या ते सांगायलाच हवं. वय त्रेसष्ट, अंगानं काडी. आवाज मात्र खणखणीत, यंत्रांच्या वरताण बोलून बोलून चढलेला तो कायमचा चढलेलाच राहिला. मुलगा तीन वर्षांचा असताना नवरा गेला. मेला नाही, गेला. दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडून बसला. काकूंनी चार दिवस त्याच्या नावानं बोटं मोडली आणि पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात जाऊन मालकाला म्हणाल्या, "मला शिकवा." दुकानात सहा बाप्ये आणि ही एक बाई. पाण्याचे पंप, पंखे, गिरणीच्या मोटारी, जे जळेल ते टेबलावर यायचं. करपलेली तांब्याची तार छिन्नीनं तोडून उपसायची, खाचांमधून नवा कागद बसवायचा, वेढे मोजत मोजत नवी तार भरायची, वरून व्हार्निश पाजायचं, आणि मग भट्टी. पहिलं वर्षभर नुसती टिंगल झाली. दुसऱ्या वर्षी मालकानं पंख्यांच्या केसाएवढ्या तारेचं नाजूक काम उचलून काकूंच्या पुढ्यात ठेवलं, आणि टिंगलवाल्यांची दातखीळ बसली. एकतीस वर्षं त्यांनी ते काम केलं. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर त्याच तारेतून उभं राहिलं, त्यात कुणाचा एक पैसा नव्हता.

त्या दुकानाची एक पद्धत होती. मोटार आली की उघडायच्या आधी हुंगायची. करपलेल्या व्हार्निशचा वास आला तर कॉइल गेली. ग्रीसचा आला तर बेअरिंग. आणि सडक्या मासळीचा आला, तर समजायचं की तारा जोडायची पट्टी तापून वितळली. बाकीचे मोटारीत नाक खुपसून बसायचे, काकू दारातूनच ओरडायच्या, "बेअरिंग आहे, उगाच खोलू नका!" आणि बेअरिंगच निघायचं. एवढ्या वर्षांत त्यांचं नाक चुकलं असं कुणी सांगत नाही.

काम सोडायच्या शेवटच्या महिन्यात एक म्हातारी नर्सबाई पंखा घेऊन आली. काकूंनी तो असा करून दिला, की बाई खूश झाली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून एक हिरवी कांडी घेऊन आली. म्हणाली, "लावा. पण फुलल्यावर मला शिव्या द्याल हो."

"मी कशाला देऊ?"

"सगळेच देतात. मेल्या जनावराचा वास येतो. मी जन्मभर दवाखान्यात काढला, मला काही वाटत नाही. माझ्या सुनेला वाटतं."

काकूंना ती बाई तिथल्या तिथे आवडली.

पहिल्या वर्षी काकूंनी त्या कांडीला मायेनं मारलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी. महिन्याभरात कांडी बुडातून मऊ पडली आणि बोट लावलं तर आत नुसता चिखल. दुसरी कुणी असती तर हात झटकून मोकळी झाली असती. काकूंनी ब्लेड घेतलं, शेंड्याचा जेवढा भाग टणक होता तेवढा कापला आणि आठ दिवस सावलीत कोरडा ठेवला. कापलेली जागा सुकून खपली धरल्याशिवाय तिला मातीचं तोंड दाखवायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ओल्या कॉइलला वीज दाखवायची नसते एवढं त्या जाणून होत्या. मग विटा फोडून चाळल्या, जाड वाळू घेतली, माती चिमूटभरच. पाण्याचा नवा कायदा केला: कुंडी उचलून बघायची. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर हात मागे. थंडीत तर थेंब नाही. कांड्या सुरकुतायच्या, तांबूस व्हायच्या, येणारा जाणारा म्हणायचा, "मेलं वाटतं." काकू म्हणायच्या, "झोपलंय. तुम्ही गप्प बसा." बेचक्यांतून पांढरी कापसाळ कीड आली की व्हार्निशचा जुना ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक किडा टिपायच्या, अगदी नाव घेऊन शिव्या देत.

चौथ्या वर्षी कळी आली. आधी वाटाण्याएवढी, मग लिंबाएवढी, मग फुगवलेल्या पिशवीएवढी. ती उमलायची म्हणून काकू अख्खी दुपार स्टूल टाकून समोर बसल्या. चारच्या सुमारास तिची शिवण उसवली आणि बघता बघता पाचही पाकळ्या मागे पडल्या. मग वास आला. काकूंनी खोल श्वास घेतला आणि एकट्याच खो खो हसत सुटल्या. "बाई गं, काय घाणेरडी आहेस तू!" त्या फुलाला म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हौस म्हणून त्यांनी आयुष्यात केलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि ती इतकी बेशरम निघाली याचाच त्यांना आनंद झाला होता.

सेक्रेटरी हे निवृत्त हेडक्लार्क. माणूस वाईट नाही, पण कागद पुढे सरकवल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. आठ दिवसांत काकूंच्या दाराखालून पत्र आलं. "विषय: दुर्गंधीयुक्त वनस्पती हटवणेबाबत." काकूंनी ते उलटं केलं, कोऱ्या बाजूवर लिहिलं, "विषय: न हटवणेबाबत," खाली सही ठोकली आणि सेक्रेटरींच्या दाराखालून सरकवून आल्या. मजकूर काही नाही. विषयातच सगळं आलं होतं.

काकू आडमुठ्या होत्या, बेपर्वा नव्हत्या. पुढच्या खेपेला कळी फुगली तशी त्यांनी स्वतःच खालीवर जाऊन सांगितलं, की फुलाचे तीन दिवस कुंडी मी घरात घेईन, दारं-खिडक्या लावून घेईन. आणि घेतली. त्या वासात जेवल्या, त्या वासात झोपल्या. गायनबाई म्हणाल्या, "हं, आता पुष्कळच कमी आहे." पण सेक्रेटरींचं समाधान होईना. "आत असली तरी इमारतीतच आहे ना?" वर्षभर पत्रं चालली. शेवटी त्यांनी येत्या रविवारच्या सभेपुढे ठरावच ठेवला, की दुर्गंधी सोडणारं कोणतंही झाड इमारतीत ठेवता येणार नाही. आणि काकूंच्या मुलाला फोन लावला.

मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. मोठ्या ऑफिसात होता, कडक इस्त्रीचे शर्ट, बोलणं हळू. आईवर जीव होता त्याचा, नाही असं नाही. पण आईबद्दल कुणाचा फोन आला की तो आधी खोलीचं दार लावून घ्यायचा. सेक्रेटरींनी त्याला "साहेब, मातोश्रींना जरा समजवा," म्हटलं आणि तो शरमेनं अर्धा झाला.

"आई, एका झाडापायी सगळ्यांशी वैर कशाला?" त्यानं फोनवर विचारलं.

"मी कुठे केलंय वैर? मी झाड केलंय."

"लोक नावं ठेवतात गं."

"ठेवू देत. त्यांना दुसरा उद्योग काय आहे?"

त्या आठवड्यात सोमवारी नवं फूल उमललं. काकूंनी कुंडी आत घेतली, दारं लावली. बुधवारी त्या भाजी घेऊन परत येत होत्या, तर तळमजल्यावर जिन्याशीच त्यांच्या नाकाला वास लागला. त्या थबकल्या. दारं बंद, खिडक्या बंद, मध्ये तीन मजले, तरी इथवर! काय ताकद आहे माझ्या फुलात, असं म्हणून स्वतःशीच हसल्या आणि टेचात जिना चढून गेल्या. गुरुवारी फूल मिटलं. त्यांनी ते कात्रीनं कापलं, कागदात बांधून कचऱ्यात टाकलं, आणि कुंडी पुन्हा गॅलरीत ठेवली.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, आणि त्यांच्या मागे मान खाली घालून मुलगा. त्याला बोलावूनच घेतला होता.

"काकू, आता हद्द झाली," सेक्रेटरी म्हणाले. "तीन दिवस म्हणालात, आज सहावा. खालच्या लोकांना जेवण जात नाहीये."

"फूल गुरुवारीच मिटलं. बघा हवं तर." काकूंनी त्यांना गॅलरीत नेऊन कुंडी दाखवली. नुसत्या कांड्या. "वास येतोय का इथे?"

"इथे नसेल. जिन्यात येतोय ना!"

"मग तो माझा नाही."

"तुमचा नाही तर कुणाचा? इमारतीत घाणेरडं झाड एकच आहे."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चला, दाखवा," म्हणत त्या चपला सरकवून तरातरा खाली निघाल्या. सेक्रेटरी मागे. मुलगा वरच राहिला.

दुसऱ्या मजल्यावर वास होता. पहिल्यावर जास्त. तळमजल्यावर, जिन्याखालच्या मीटरच्या फळीपाशी, काकू थांबल्या, डोळे मिटले आणि हुंगल्या. मांस नव्हतं ते. मासळी होती. सडकी मासळी. मेन स्विचच्या डब्याला त्यांनी तळहाताची मागची बाजू नुसती टेकवली आणि झटक्यात काढली. चटका बसला होता. आणि फळीला खेटून काय होतं? वर्षापूर्वी उंदीर शोधताना बाहेर काढलेली आणि पुन्हा कशीही कोंबलेली अडगळ: जुन्या गाद्या, पुठ्ठे, रंगाचे अर्धे डबे.

"व्हा बाजूला," त्या म्हणाल्या. वॉचमनचं लाकडी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि दांडा धरून खटकन खाली खेचला.

सोळा घरांचे पंखे एकदम थांबले. गायनबाईंच्या शिकवणीतला माइक मध्येच मुका झाला. वरून कठड्यांवरून डोकी बाहेर आली आणि आरडाओरडा सुरू झाला. सेक्रेटरी लालबुंद. "कुणाच्या परवानगीनं बंद केलंत?"

"आग लागते ती परवानगी घेऊन लागते का? वायरमनला बोलवा."

"काकू, उद्या ठराव आहे म्हणून तुम्ही हे नाटक..." सेक्रेटरींनी दांड्याकडे हात नेला.

काकू स्टुलावरच डब्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "हात लावून तर बघा. एकतीस वर्षं छिन्नी चालवलीय या हातांनी. बोटं मोजून घरी न्यावी लागतील."

पाऊण तास त्या तशाच उभ्या. लोक आले, बोलले, हसले, चिडले, कुणी "म्हातारीचं डोकं फिरलं" असंही म्हणालं, आणि तेही त्यांच्या तोंडावर. काकू जागच्या हलल्या नाहीत. वायरमन आला, त्यानं डबा उघडला आणि शीळ घातली. आतली जोडपट्टी वितळून खाली ओघळली होती. मागची लाकडी फळी वीतभर कोळसा. त्यानं गाद्यांकडे बघितलं, रंगाच्या डब्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "कुणी बंद केलं हे? संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले असते ना, की संपलं होतं."

मागच्या दोघांनी गाद्या ओढून बाजूला करायला घेतल्या.

"चार-पाच दिवस तरी तापतंय. वास नाही आला कुणाला?" त्यानं विचारलं.

"आला ना!" सेक्रेटरी म्हणाले. घाबरले होते ते, पण घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी ओरडावंच लागतं. "बुधवारपासून येतोय. आम्हाला वाटलं काकूंचं फूल! ते झाड नसतं तर बुधवारीच शोधलं असतं आम्ही. त्या झाडापायी आज सगळे जळून मेलो असतो."

"खरंच की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. गायनबाईंनीही मान हलवली.

काकूंनी सेक्रेटरींची हजेरी घ्यायला तोंड उघडलं, आणि त्यांना बुधवार आठवला. भाजीची पिशवी, जिन्याची पहिली पायरी, आणि नाकाला आलेला वास. मासळीचाच होता तो. दारातून बेअरिंग ओळखणारं नाक, आणि ऐन वेळी फुशारकीत त्यानं शेण खाल्लं. काकूंनी तोंड मिटलं. त्या जिना चढू लागल्या, आणि काकू काही न बोलता गेल्या हे बघून खालची माणसं आणखीच गडबडली.

घरात मुलगा खुर्चीच्या कडेवर बसला होता. गॅलरीत कुंडीच्या जागी ओलसर गोल डाग होता.

"टाकून आलो मी ते," तो घाईघाईनं म्हणाला. "मागच्या जिन्यानं. कचऱ्याच्या पिंपात. आता उद्याची सभा नको, ठराव नको, कुणाचे फोन नकोत. विषय संपला, आई. खाली काय ओरडत होते गं? आणि वीज का गेलीय?"

काकू हळूच पलंगावर टेकल्या. त्याला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण त्यांनी वेगळंच विचारलं. "पडलं तेव्हा तुकडे झाले का?"

"हो... कुंडी फुटली. कांड्यापण मोडल्या असतील. का?"

"तू सातवीत होतास. तुला निबंधाचं बक्षीस होतं. आदल्या दिवशी मी दुकानातून आले तर दारातच मला म्हणालास, आई, तू उद्या येऊ नको. तुझ्या हातांना वास येतो, मुलं हसतात. आठवतं?"

मुलाचा चेहरा उतरला. "लहान होतो मी."

"होतास ना. म्हणून तर ऐकलं मी. त्या दिवशी लिंबानं घासले हात, रॉकेलनं घासले, वाळूनं घासले. सालटी निघाली, व्हार्निशचा वास गेला नाही. दुसऱ्या दिवशी घरी बसले. त्यानंतर तुझ्या शाळेची पायरी चढले नाही मी, कधीच नाही. तुझ्या बाईंचं तोंड कसं होतं ते मला माहीत नाही. त्याच वासाच्या हातांनी तुझी फी भरली, तुझ्या अंगावर शर्ट चढवला, आणि तरी मीच लाजले." त्यांचा आवाज चढत चढत पुन्हा नेहमीच्या पट्टीत आला. "वासाचं एकदा ऐकलं तुझं. आता नाही ऐकायची. ऊठ. खाली जा, आणि एकेक कांडी वेचून आण. मोडली असेल तर मोडलेली आण. चिरडली असेल तर चिरडलेली आण. एकही ठेवू नकोस तिथे."

तो उठला. कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडत खाली गेला आणि अर्ध्या तासानं परत आला तेव्हा कोपरापर्यंत बरबटलेला होता. एका फुटक्या खोक्यात एकोणीस तुकडे. काकूंनी चष्मा लावला, एकेक तुकडा दाबून बघितला. सात गेलेले होते. बारा टणक होते. मोडलेली टोकं ब्लेडनं साफ करून त्यांनी ते बारा वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. पलीकडे मोरीत मुलगा हात धूत होता. धुवायचा, नाकाशी न्यायचा, पुन्हा साबण लावायचा. काकूंनी ते बघितलं, आणि वर्तमानपत्र सावलीत सरकवलं. त्या दिवशी तो घरी गेला नाही.

रविवारी सकाळी इमारतीच्या मागच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी ठराव वाचायला घेतला, तोच काकू उभ्या राहिल्या.

"आधी मी बोलणार. काल सेक्रेटरी म्हणाले की झाडापायी कुणाला कळलं नाही. ते खरं आहे. त्याहून खरं मी सांगते. बुधवारी तो वास मलाही आला होता. जन्मभर ज्या वासावर पोट भरलं, तो मला ओळखता आला नाही, कारण मला वाटलं माझंच फूल इथवर पोचलं. शेफारले होते मी. ती चूक माझी, आणि मी सगळ्यांसमोर मान्य करते. पण चूक माझ्या नाकाची आहे, झाडाची नाही. नाकाची शिक्षा झाडाला मी होऊ देणार नाही." त्यांनी श्वास घेतला. "जिन्यात फळा लावीन. फूल कधी उमललं, कधी मिटलं, रोजच्या रोज लिहीन. फळ्यावर फूल नसेल आणि वास आला, तर माझी बेल दाबायची नाही. वायरमनला बोलवायचं."

दोघंतिघं हसले. गायनबाई म्हणाल्या, "फळा असेल तर माझी काही हरकत नाही बाई." पण बाकीचे कालचे घाबरलेले होते, आणि घाबरलेली माणसं हात वर करायला वेळ लावत नाहीत. नऊ हात वर झाले. ठराव मंजूर.

सेक्रेटरींनी वही बंद केली. काल आपण फार बोललो हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी आवाज मऊ केला आणि मागच्या रांगेकडे बघितलं. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच जरा समजवा आईंना."

मुलगा उभा राहिला. शर्ट कालचाच होता, चुरगळलेला.

"मी समजावलं होतं तिला," तो म्हणाला. "सातवीत असताना. की तुझ्या हाताला वास येतो, तू शाळेत येऊ नको. तिनं ऐकलं." त्यानं आईकडे बघितलं. "मला बक्षीस मिळालं. मी स्टेजवर उभा राहिलो, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि कुणाकडे बघायचं तेच मला कळेना. तेव्हापासून आजपर्यंत... असो. मी आता तिला काही समजावणार नाही."

काकूंना हे माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांत तो कधी बोलला नव्हता. मग त्या सेक्रेटरींकडे वळल्या तेव्हा आवाज घोगरा होता, पण तसाच चढलेला.

"उघडा ती वही. लिहा. ठराव मंजूर झाला, लिहा. आणि त्याच्याखाली लिहा, की तिसऱ्या मजल्यावरची बाई तो मानणार नाही. काय करायचं ते करा. आणि झाडं किती तेही लिहा. पुन्हा एक म्हणून लिहू नका. बारा."

"बारा?" सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. "बारा कुठून आली?"

"बाराच आहेत," मुलगा म्हणाला. "मीच वेचून आणलीत."